रंग रेणूचा की रांगेचा?

कोल्हापुरात बाबूराव पेंटर मूकपट काढत होते, त्या काळातल्या सर्वसाधारण कच्च्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. निळा उत्तम दिसे, हिरवा बऱ्यापैकी दिसे, तांबडा मात्र काळा उमटे. कपाळावरचं कुंकू काळं, लालभडक शालू काळा, ओठ काळे. जगभरच्या स्टुडिओंत नटनट्यांचे चेहरे रंगवताना हा हिशेब धरावाच लागे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास मिळू लागली आणि ही अडचण सरली. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी या बदलानंतरची. १९३३ च्या ‘सैरंध्री’त प्रभातने थेट रंगीत चित्रपटालाच हात घातला. त्याच्या रंगीत प्रतींचं काम जर्मनीत झालं, पण रंग मनासारखे उतरले नाहीत.

फिल्मला तांबडा दिसू लागला तो रंगद्रव्यामुळे. सिल्व्हर ब्रोमाइड मुळात फक्त निळ्या-जांभळ्या प्रकाशाला दाद देतं. १८७३ मध्ये बर्लिनच्या हर्मान फोगेलला आढळलं की त्यात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर ते हिरव्यालाही दाद देतं. १९०५ मध्ये पिनासायनॉल नावाचं रंगद्रव्य आलं आणि तांबडाही आवाक्यात आला. यात काम कसं चालतं, तर जिलेटिनच्या पातळ थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण अडकलेले असतात, त्या कणांवर रंगद्रव्याचे रेणू चिकटतात, प्रकाश शोषतात आणि त्याची ऊर्जा कणाकडे सोपवतात. पुढे लक्षात आलं की हे रेणू सुटे सुटे चिकटत नाहीत. अनेक रंगद्रव्यांचे रेणू दाटीवाटीने, रांगा धरून बसतात, आणि रांगेतला रेणू एकट्या रेणूसारखा वागत नाही. त्याचा रंग सरकतो, चमक वाढते किंवा पार विझते. पातळ थरातल्या रंगद्रव्य-पुंजांचा प्रकाशीय अभ्यास म्हणतात तो हाच. गेल्या नव्वद वर्षांत त्यात काय कळलं, काय अजून अडलेलं आहे आणि कोल्हापूरशी त्याचा संबंध कुठे येतो, ते पाहू.

सुरुवात १९३६ ची. इंग्लंडमध्ये हॅरो इथल्या कोडॅकच्या प्रयोगशाळेत एडविन जेली आणि जर्मनीत म्युनिकला ग्युंटर शाइबे, दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच गोष्ट पाहिली. सूडोआयसोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचं विरळ द्रावण ५२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, आणि तो शोषणपट्टा चांगला रुंद असतो. द्रावण दाट केलं किंवा त्यात मीठ घातलं की ५७३ नॅनोमीटरजवळ एक नवा, सुईसारखा अरुंद पट्टा उगवतो. पाणी घालून पुन्हा विरळ केलं की तो नाहीसा होतो. रेणू तोच, त्याचा एकही बंध तुटलेला नाही, तरी वर्णपट ओळखू येत नाही. शिवाय नव्या पट्ट्यात शोषलेला प्रकाश जवळजवळ त्याच तरंगलांबीला परत बाहेर पडतो. जेलीच्या आद्याक्षरावरून अशा पुंजांना जे-पुंज म्हणू लागले. उलट, ज्यांचं शोषण निळ्याकडे सरकतं ते एच-पुंज. मेथिलीन ब्लू हे एच-पुंजाचं नेहमीचं उदाहरण. एकट्या रेणूचं शिखर ६६४ नॅनोमीटरला, दोन रेणू एकमेकांवर बसले की ६१० च्या आसपास. कॉलेजच्या साध्या स्पेक्ट्रोमीटरवरही द्रावण दाट करत गेलं की डावीकडचा हा खांदा वर येताना दिसतो.

याचं सैद्धांतिक उत्तर तुकड्यातुकड्याने आलं. फ्रेंकेलने १९३१ मध्ये एक्सायटॉनची कल्पना मांडली. प्रकाश शोषून उत्तेजित झालेली अवस्था एकाच अणूवर किंवा रेणूवर बसून राहत नाही, शेजाऱ्यांमध्ये फिरते. दाविदोवने १९४८ मध्ये ती रेणूंच्या स्फटिकांना लावली. रसायनवाल्यांना वापरता येईल असं रूप मात्र मायकेल काशाने १९५८ ते १९६३ या काळात दिलं. प्रकाश शोषताना रेणूतला विद्युतभार एका ठराविक दिशेने हलतो. दोन शेजाऱ्यांच्या या दिशा रेणूंना जोडणाऱ्या रेषेशी किती कोन करतात, त्यावर सगळं ठरतं. रेणू एकापुढे एक, आगगाडीच्या डब्यांसारखे लागले तर प्रकाश खालच्या ऊर्जापातळीत शोषला जातो आणि पट्टा तांबड्याकडे सरकतो. एकमेकांवर थप्पी लागली तर वरच्या पातळीत शोषण होतं आणि पट्टा निळ्याकडे जातो. मधे ५४.७ अंशांचा एक कोन असा आहे की तिथे हा परिणाम शून्य होतो. एच-पुंजात वरच्या पातळीत चढलेली ऊर्जा झटकन खालच्या पातळीत उतरते, आणि तिथून प्रकाश बाहेर पडायला जवळपास मज्जाव असतो. म्हणून एच-पुंज बहुधा मंद, जे-पुंज तेजस्वी.

सुईसारख्या अरुंदपणाचं कोडं सुटायला मात्र १९८० चं दशक उजाडलं. थरातल्या प्रत्येक रेणूची परिस्थिती थोडी वेगळी असते, म्हणून सुट्या रेणूंचा एकत्रित पट्टा पसरतो. पण उत्तेजना एकदम अनेक रेणूंवर पसरलेली असली तर हे लहानमोठे फरक सरासरीत मिटतात. लेझमीच्या पथकात एखाद्याचा हात जरा मागेपुढे झाला तरी ठेका चुकत नाही, तसं. अतिथंड तापमानाला असे काही डझन रेणू एका ठेक्यात असतात. खोलीच्या तापमानाला ही संख्या बरीच घसरते.

काशाचं चित्र इतकं सुबक आहे की त्याचा अतिवापर झाला. थर काढला, वर्णपट घेतला, शिखर तांबड्याकडे गेलं, लिहा ‘जे-पुंज’. निळ्याकडे गेलं, लिहा ‘एच-पुंज’. असे शेकडो निबंध सापडतील. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी ढिलाई हीच. शिखर सरकायला इतर कारणंही पुरतात. रेणू पाण्यातून काचेवर किंवा पॉलिमरमध्ये गेला की भोवतालच बदलतो, आणि तेवढ्यानेही शिखर काही नॅनोमीटर हलतं. मेथिलीन ब्लूचंच पाहा. रंगाचं सांडपाणी पातळ थरावर प्रकाश पाडून स्वच्छ करण्याच्या प्रयोगांत हेच रंगद्रव्य नमुना म्हणून घेतात, आणि पंचगंगेकाठच्या इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावाला या प्रयोगांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. प्रयोगात ६६४ चं शिखर खाली आलं आणि निळ्याकडे सरकलं, तर अर्थ काय? एक, रेणूचे मेथिल गट एकेक करून गळत आहेत. सगळे गळाले तर उरणाऱ्या थायोनिनचं शिखर ६०० च्या आसपास येतं. दोन, रंगद्रव्य थरावर चिकटून तिथे जोड्या करून बसलं आहे आणि मुळात काही मोडलेलंच नाही. दोन्हींत द्रावणाचा निळा फिका होतो. नुसत्या शिखराच्या जागेवरून निवाडा देता येत नाही. थर धुऊन काढून, विरळ करून पाहावं लागतं.

निवाड्याची चांगली हत्यारं गेल्या दोन दशकांत हाती आली आहेत. फ्रँक स्पॅनोने दाखवून दिलं की शिखराच्या जागेपेक्षा कंपनांमुळे पडणाऱ्या उपशिखरांच्या उंचीचं गुणोत्तर जास्त विश्वासाचं असतं. जे-पुंजात पहिलं शिखर दुसऱ्याच्या मानाने उंचावतं, एच-पुंजात खचतं. उत्सर्जनातल्या याच गुणोत्तरावरून किती रेणू एका ठेक्यात आहेत याचाही अंदाज येतो. पेरिलीनच्या वंशातल्या दाट थप्प्यांमध्ये शेजाऱ्यांत इलेक्ट्रॉनची देवाणघेवाणही होते आणि तिचा परिणाम काशाच्या परिणामाविरुद्ध जाऊ शकतो. हेस्टंड आणि स्पॅनो यांनी २०१८ मध्ये हा सगळा पसारा एका मोठ्या आढाव्यात मांडला, त्यात दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून टाकतात अशा पुंजांचीही चर्चा आहे. थप्पी आहे, पण वर्णपट मात्र एकट्या रेणूचा! काशाचं चित्र यामुळे खोटं ठरत नाही, पण ते नियम म्हणून पाठ करण्यासारखं राहिलेलं नाही.

पुंजांचा आणखी एक प्रकार याहून फसवा आहे. १९५४ मध्ये फर्स्टर आणि कास्पर यांनी पायरीनचं द्रावण दाट करत नेलं. जांभळं उत्सर्जन मंदावलं आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपास रुंद, निळसर पट्टा उगवला. शोषण मात्र तसूभरही बदललं नाही. इथे पुंज अंधारात नसतोच. एक रेणू उत्तेजित झाला की तो शेजाऱ्याला धरतो, प्रकाश टाकतो आणि जोडी सुटते. अशा जोडीला एक्सायमर म्हणतात. थर तपासताना शोषण आणि उत्सर्जन दोन्ही मोजावे लागतात ते यासाठी.

इथे कोल्हापूर येतं. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रतिदीप्तीच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभी राहिली. प्रा. एस. आर. पाटील, प्रा. जी. बी. कोळेकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अँथ्रासीन, पेरिलीन, टेट्रासीन, पायरीन या कुटुंबातल्या रेणूंवर वर्षानुवर्षं काम केलं. आधी स्फटिक आणि पॉलिस्टायरीनचे थर, नंतर पाण्यात तरंगणारे नॅनोकण. अँथ्रासीनचा भारतातला अभ्यास जुना आहे. के. एस. कृष्णन यांनी १९३० च्या दशकात ढाक्यात आणि मग कोलकात्यात याच जातीच्या स्फटिकांचे चुंबकीय गुणधर्म दिशेनुसार कसे बदलतात ते मोजलं होतं आणि त्यावरून आतले रेणू कुठे तोंड करून बसले आहेत हे काढलं होतं. रेणूची मांडणी आणि स्फटिकाचा गुणधर्म यांचं नातं भारतीय विज्ञानात तेव्हापासूनचं आहे.

अँथ्रासीनचा एक स्वभाव जवळून पाहण्यासारखा आहे. शुद्ध स्फटिक अतिनील दिव्याखाली निळा-जांभळा चमकतो. त्यात टेट्रासीन लाखात एखाद्या रेणूइतकंच असलं तरी चमक हिरवटाकडे झुकते. एवढीशी भेसळ स्वतः फारसा प्रकाश शोषूच शकत नाही. शोषतं अँथ्रासीन, पण त्याची ऊर्जा रेणूरेणूंतून भटकत जाते आणि वाटेत टेट्रासीन भेटलं की तिथे अडकून हिरवी बाहेर पडते. हिरव्या चमकेवरून भटकंती किती लांबची हे कळतं. हीच गोष्ट पॉलिस्टायरीनच्या थरात केली की मधलं अंतर वाढतं, रेणू वेडेवाकडे विखुरतात आणि ऊर्जेचा प्रवास आखडतो. रेणूंचं प्रमाण वाढवत नेलं तर एका टप्प्यावर ते पॉलिमरमधून बाहेर पडून आपापले पुंज करतात. हा टप्पा कुठे येतो हे रेणूवर जेवढं अवलंबून, तेवढंच थर किती वेगाने वाळला यावरही.

नॅनोकण करण्याची कोल्हापूरच्या या गटाची पद्धत साधी आहे. रेणू ॲसिटोनसारख्या द्रवात विरघळवायचा आणि ते द्रावण ढवळत्या पाण्यात थेंबथेंब सोडायचं. पाणी नको असलेले रेणू एकमेकांना बिलगतात. साबणासारखं द्रव्य घातलं की कण मोठे होत नाहीत. या बिलगण्याने काहींची चमक वाढते, आणि पाण्यात एखादा धातूचा आयन आला की ती बदलते. म्हणून असे कण जलतपासणीसाठी वापरता येतात. इथे जुन्या समजुतीला धक्का बसतो. दाटी झाली की चमक विझते हे फर्स्टरपासून धरून चाललेलं होतं, आणि बऱ्याच सपाट रेणूंना ते लागूही आहे. पण २००१ मध्ये हाँगकाँग विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठातल्या बेन झाँग तांग यांच्या गटाला सिलोल जातीच्या रेणूंत उलटं दिसलं. पृथक्करणाच्या प्लेटवरचा ओला ठिपका मंद, वाळल्यावर तेजस्वी. या रेणूला भोवती फिरणारे हात असतात. द्रावणात ते फिरण्यात ऊर्जा घालवतात, दाटीत हात बांधले जातात आणि ऊर्जा प्रकाशातून बाहेर पडते. गेल्या वीस वर्षांत या एका शोधावर जेवढं छापलं गेलं तेवढं मूळ जे-पुंजांवर क्वचितच. त्यातलं बरंचसं ‘आणखी एक रेणू, आणखी एक आयन’ या साच्याचं आहे, हेही सांगायला हवं.

व्यवहारात दाटी कधी वैरीण ठरते, कधी मदतीला येते. कोडॅकच्याच चिंग तांग यांनी १९८७ मध्ये व्हॅनस्लाइकबरोबर सेंद्रिय एलईडी केला आणि १९८९ मध्ये रंगद्रव्य दुसऱ्या द्रव्याच्या थरात एखाद्या टक्क्याने पेरलं, ते दाटीने विझू नये म्हणूनच. याच्या उलट गोष्ट लेझर प्रिंटरच्या ड्रमची. प्रिंटरचा लेझर ७८० नॅनोमीटरचा. टिटॅनिल थॅलोसायनिनचा एकटा रेणू तिथे जवळपास काहीच शोषत नाही, पण एका विशिष्ट स्फटिकरूपात रचला की शोषण तिथपर्यंत पसरतं. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातलं यंत्र चालतं ते या रचनेवर. तांब्याच्या थॅलोसायनिनचा थरही पाहण्यासारखा आहे: द्रावणात ६७० च्या आसपास एकच उंच शिखर, थरात ते दुभंगून ६२० आणि ६९० जवळ दोन. थर तापवला की या दोहोंचं प्रमाण बदलतं आणि डोळ्यालाही निळ्याची छटा वेगळी भासते.

रंगद्रव्याच्या सौरघटात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. १९९१ मध्ये ओरेगन आणि ग्रेत्सेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या दहा मायक्रोमीटर जाडीच्या सच्छिद्र थरावर रंगद्रव्य बसवून सात टक्क्यांवर कार्यक्षमता मिळवली. इथे रंगद्रव्याचा एकच पदर हवा. दुसरा पदर बसला तर तो प्रकाश शोषतो खरा, पण इलेक्ट्रॉन थरापर्यंत पोचवत नाही. म्हणून अनेक सेंद्रिय रंगद्रव्यांबरोबर कीनोडिऑक्सिकोलिक आम्ल घालतात. ते मधे बसून रेणूंना एकमेकांपासून दूर ठेवतं. झिंक ऑक्साइडच्या थरात आणखी एक खोड आहे. रुथेनियमच्या रंगद्रव्यात तो जास्त वेळ बुडवला की आम्लामुळे झिंक सुटतं आणि रंगद्रव्याशी संयोग करून छिद्रांत साचतं. थर छान गडद दिसतो, घट मात्र नीट चालत नाही. रंग गडद झाला म्हणून खूश होणाऱ्याने इथे सावध राहावं.

शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात असे झिंक आणि टायटॅनियम ऑक्साइडचे थर काढण्याची जुनी परंपरा आहे. प्रा. सी. डी. लोखंडे, प्रा. पी. एस. पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्वात पंपांचा महागडा खटाटोप टाळून बीकर, तापलेली काच आणि फवारा यांवर थर काढायची विद्या वाढवली. फवाऱ्याच्या पद्धतीवर पाटील यांचा १९९९ चा आढावा, रासायनिक स्नानावर माने-लोखंडे यांचा २००० चा आढावा आणि आयनांचे पदर आळीपाळीने चढवण्यावर पठाण-लोखंडे यांचा २००४ चा आढावा, हे तिन्ही निबंध जगभर वापरले जातात. तिसरी पद्धत चार बीकरांची. काच धन आयनांत बुडवा, धुवा, ऋण आयनांत बुडवा, धुवा, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता अमेरिकेतल्या एमआयटीत व्लादिमीर बुलोविच यांच्या गटाने २००५ मध्ये जे-पुंजांचा थर कसा केला ते पाहा. धनभारित पॉलिमरमध्ये काच बुडवा, धुवा, ऋणभारित सायनिन रंगद्रव्यात बुडवा, धुवा. कृती तीच, फक्त धातूच्या आयनाऐवजी पॉलिमर आणि रंगद्रव्य. त्यांच्या थराची जाडी होती सुमारे ५ नॅनोमीटर, आणि शोषणाचा गुणांक सेंटीमीटरला दहा लाखांच्या घरात. गणित करून पाहिलं तर एवढासा थर एका फेरीत आपल्या तरंगलांबीचा जवळपास ४० टक्के प्रकाश गिळतो. दोन आरशांमध्ये असा थर ठेवला की प्रकाश आणि एक्सायटॉन यांची मिश्र अवस्था तयार होते. डेव्हिड लिड्झे यांनी १९९८ मध्ये पॉरफिरिनच्या थरात ती पहिल्यांदा दाखवली होती, पण पट्टा अरुंद असल्याने पुढे जे-पुंजच सोयीचे ठरले. भारतात अशा पदरांचं काम लँगम्युअर-ब्लॉजेट पद्धतीने, म्हणजे पाण्यावर पसरलेला रेणूंचा एकेक पदर काचेवर उचलून, आगरतळ्याच्या त्रिपुरा विद्यापीठात बरंच झालं आहे. तिथे देबज्योती भट्टाचार्जी आणि सय्यद अर्शद हुसेन यांनी मातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर रंगद्रव्य बसवून पुंज वाढवण्या-रोखण्याचे प्रयोग केले. मातीचा हा पापुद्रा एका बाजूने फार महत्त्वाचा: रेणूंमधलं अंतर मातीवरच्या ऋणभारांच्या अंतराने ठरतं, म्हणजे ते निवडता येतं.

बुडवून केलेल्या थरात हे सगळं जमलं तरी फिरत्या काचेवर द्रावण ओतून केलेल्या थराचं कोडं उरतंच, आणि बहुतेक प्रयोगशाळा तोच थर करतात. काचेला लागून असलेले पहिले काही नॅनोमीटर काचेच्या पृष्ठभागानुसार लवंडतात. त्यावरचे रेणू द्रव किती झपाट्याने उडाला त्यानुसार बसतात. वरच्या पृष्ठभागावर, हवेतल्या ओलाव्याने, तिसरीच रचना होऊ शकते. सरळ आरपार घेतलेल्या वर्णपटात या तिन्हींची बेरीज दिसते. शिवाय थराच्या पातळीला उभे असलेले रेणू सरळ येणारा प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत, त्यामुळे ते बेरजेतही येत नाहीत. काच ४५ अंशांत तिरकी करून, ध्रुवणकाची एक पट्टी आधी उभी आणि मग आडवी धरून दोन वर्णपट घेतले तर हे लपलेले रेणू उघडे पडतात. त्याला फिरवता येणारा एक धारक आणि थोडा वेळ एवढंच लागतं. तरीही छापील निबंधांत हा तिरका वर्णपट क्वचित दिसतो, आणि थर ओतला त्या दिवशी खोलीत आर्द्रता किती होती याचा आकडा तर त्याहूनही क्वचित.